पंपाच्या पेटीतील पिनांना नावे हवीत

प्रति,
मा. संपादक,

विषय : सोसायट्यांमधील संगणकीय नियंत्रक पेट्या आणि त्यांच्या कर्नलमधील पिनांची मांडणी

महोदय,

गेल्या जूनमधील एका पहाटे ऐरोलीतील आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली आणि रखवालदाराने पंपाच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत ती वाहतच राहिली. खालच्या टाकीत रात्री साठलेले पाणी बहुतेक सगळे गटारात गेले आणि दुपारी घरोघरचे नळ कोरडे पडले. वायरमनने फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता स्विच, खराब झाल्याचे निदान केले, म्हणून नवा फ्लोट बसवला. चार दिवसांनी वीज गेली, तासाभराने परत आली, आणि टाकी पुन्हा वाहिली.

मी रबाळे येथील एका कारखान्यात ३१ वर्षे इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काम करून निवृत्त झाले आहे. समितीच्या सांगण्यावरून मी ती पेटी उघडून पाहिली. आत मोटारीचा कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा मोठा स्विच), जादा भार आल्यास मोटार तोडणारा ओव्हरलोड रिले आणि लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणारा तळहाताएवढा एक संगणक होता. त्या संगणकाची एक पिन, म्हणजे त्याच्या चिपचा एक पाय, मोटारीचा रिले (संकेताने चालणारा स्विच) चालवते, दोन पिना दोन टाक्यांतील फ्लोट वाचतात आणि एका वेगळ्या चिपवरून पाण्याची पातळी दाखवणारे आठ दिवे लागतात. पेटी बसवणारा कंत्राटदार दोन वर्षांपूर्वी काम करून गेला. यंदा दुसऱ्या एकाने, रहिवाशांना मोबाइलवर संदेश मिळावेत म्हणून, संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत करून दिली. मी मोटार तपासली, फ्लोट तपासले, रिले तपासला. सगळे ठीक होते. चुकला होता तो एक आकडा, २३.

जुन्या कंत्राटदाराच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याने लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये, मोटारीच्या पिनेचा उल्लेख ‘२३’ एवढाच होता. ही पिन मला दे, असे कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, सांगण्यासाठी ती स्क्रिप्ट एका ठरावीक फाइलमध्ये हा आकडा लिहीत असे. नव्या कर्नलमध्ये पिनांच्या चिपला आपोआप मिळणारे क्रमांक ५१२ पासून सुरू होतात. म्हणजे बोर्डावरची तीच पिन, त्याच जागी, त्याच वायरीला जोडलेली असताना, कर्नलच्या लेखी आता ५३५ झाली होती. २३ हा क्रमांक अवैध आहे, असे कर्नलने स्पष्ट कळवलेही होते, परंतु कर्नलने काय उत्तर दिले ते पाहण्याची तसदी स्क्रिप्टने घेतली नव्हती. त्यामुळे पिन वीज आल्याक्षणी जशी असते तशीच राहिली, म्हणजे इनपुट म्हणून, आणि चिपच्या आतील पुल-डाउन रोधामुळे शून्य व्होल्टकडे ओढलेली. आमच्या रिलेच्या आधी संकेत उलटवणारे एक गेट आहे आणि पिन शून्यावर आली की रिले ओढतो. वीज परत येताच मोटार सुरू झाली ती अशी, आणि ती सुरू आहे हे संगणकातील कोणत्याही प्रोग्रामला ठाऊक नव्हते.

हे उलगडल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्क्रिप्ट बरोबर चालत होती त्या दोन वर्षांतही, वीज आल्यापासून स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट, मोटार प्रत्येक वेळी विनाकारण फिरत असणार. टाकी भरलेली असो वा रिकामी. ते कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण एवढ्या वेळात टाकी वाहत नाही.

अशा पेट्या आमच्या एकट्या सोसायटीत नाहीत. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींपासून नेरूळ, खारघरपर्यंत पंप, प्रवेशद्वाराचा अडथळा, सांडपाणी प्रक्रियेचे संयंत्र, जिन्यातील दिवे अशा अनेक कामांसाठी छोटे लिनक्स संगणक वापरले जाऊ लागले आहेत. ते स्वस्त आहेत, त्यांचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात आणि एखादा हुशार मुलगा दोन दिवसांत अशी पेटी उभी करून देऊ शकतो. मला त्याचा आनंदच आहे. परंतु या पेट्यांमधील पिनांची व्यवस्था ज्या पातळीवर करायला हवी, त्या पातळीवर ती होत नाही. ती पातळी कर्नलची आहे, आणि तिच्याविषयी मराठीत कोठे काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

कारखान्यात आमच्याकडे एक शिस्त होती. पॅनेल कितीही लहान असो, त्याच्याबरोबर आय-ओ लिस्ट आल्याशिवाय ते ताब्यात घ्यायचे नाही. कोणत्या टर्मिनलवर कोणता संकेत येतो, त्याचे नाव काय, तो येणारा की जाणारा, आणि वीज नसताना त्याची स्थिती कोणती, हे त्या यादीत असे. रात्रपाळीचा माणूस टॉर्च घेऊन पॅनेलपुढे उभा राहिला की त्याला टर्मिनल क्रमांकाच्या शेजारी ‘लेव्हल हाय’ किंवा ‘पंप रन’ असे लिहिलेले सापडे. लिनक्समध्ये ही यादी ठेवण्याची जागा आहे. तिचे नाव डिव्हाइस ट्री. आमच्या पेटीतील ती जागा रिकामी होती.

आधी पिन म्हणजे काय हे सांगते. चिपच्या ज्या पायांना कारखान्यातून ठरावीक काम दिलेले नसते, जे वापरणाऱ्याने इनपुट किंवा आउटपुट म्हणून वापरायचे असतात, त्यांना जीपीआयओ म्हणतात. मात्र बहुतेक चिपमध्ये एकच पाय अनेक कामांसाठी राखलेला असतो. तोच पाय सिरियल पोर्टचा असू शकतो, आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीचा असू शकतो किंवा साधा आत-बाहेरचा. यांपैकी कोणते काम त्याला आज द्यायचे हे कर्नलमधील पिन-कंट्रोल ही व्यवस्था ठरवते. ती २०१२ च्या जानेवारीत ३.२ या आवृत्तीबरोबर आली. म्हणजे पिनेचा मालक प्रोग्राम नसतो, कर्नल असतो. प्रोग्राम ती मागून घेतो.

कर्नल बांधण्यापूर्वी त्यात काय असावे हे एका लांबलचक यादीतून निवडावे लागते. अनेक पर्यायांपुढे तीन उत्तरे शक्य असतात : कर्नलमध्येच घ्या, घेऊ नका, किंवा गरजेनुसार नंतर जोडता येईल असे मॉड्यूल करा. ड्रायव्हरांच्या, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या कर्नलच्या भागांच्या, विभागात जीपीआयओचा उपविभाग आहे आणि त्याच्या मुळाशी जीपीआयओलिब नावाचा गाभा आहे. तो डेव्हिड ब्राउनेल यांनी लिहिला आणि २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत आला. त्याआधी प्रत्येक चिपची रीत वेगळी होती आणि एका चिपसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसरीवर चालवायचा तर पिनांचा भाग नव्याने लिहावा लागे. त्याच वर्षी सिसएफएसमधून, म्हणजे कर्नल फाइलींच्या रूपात दाखवतो त्या मांडणीतून, पिना हाताळण्याची सोय आली, आणि आमच्या स्क्रिप्टने वापरली ती हीच. तिची लोकप्रियता मी समजू शकते. एका फाइलमध्ये आकडा लिहा, दुसरीत ‘आउट’ लिहा, तिसरीत ‘एक’ लिहा, की दिवा लागतो. शिकणाऱ्याला यापेक्षा सोपे काय मिळणार?

परंतु त्या सोयीत तीन गंभीर उणिवा होत्या. पहिली, सगळ्या संगणकातील सगळ्या पिनांना एकच सलग क्रमांकांची माळ होती आणि एखाद्या चिपला त्या माळेत कोणती जागा मिळेल हे चिपवर नव्हे, तर कर्नलच्या आवृत्तीवर आणि चिपांची नोंद कोणत्या क्रमाने झाली त्यावर अवलंबून असे. दुसरी उणीव अशी की पिन मागणारा प्रोग्राम बंद पडला तरी पिन तशीच उघडी राहत असे. मालक गेला आणि दार उघडे राहिले. तिसरी, त्या फाइलांवर हक्क असलेले दोन प्रोग्राम एकाच पिनेवर एकाच वेळी परस्परविरोधी आज्ञा लिहू शकत आणि कर्नल त्यांपैकी कोणालाही अडवत नसे.

या उणिवा दूर करणारी नवी रीत २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीत आली. ती कर्नलमधील पिनांच्या विभागाची जबाबदारी पाहणारे लिनस वॉले यांच्या पुढाकाराने झाली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स ते वेगळे. या रीतीत प्रत्येक पिन-चिपची स्वतःची एक उपकरण-फाइल असते. प्रोग्राम ती उघडतो, हवी ती पिन मागतो आणि ती त्याच्याकडे असेपर्यंत दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. पिन मागताना तो आपले नावही सांगतो, त्यामुळे कोणती पिन कोणाच्या हाती आहे हे ‘जीपीआयओ-इन्फो’ या आज्ञेने एका क्षणात दिसते. २०२० च्या डिसेंबरमधील ५.१० या आवृत्तीत याच रीतीची दुसरी, सुधारित श्रेणी आली आणि तिच्यात संकेताची थरथर गाळण्याची सोयही मिळाली. टाकीतील पाण्यावर लाटा उठतात तेव्हा फ्लोट क्षणाक्षणाला उघडझाप करतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको.

सिसएफएसची जुनी रीत ४.८ आवृत्तीपासून कालबाह्य ठरवलेली आहे. आजच्या कर्नलच्या यादीत तिचा पर्याय ‘एक्स्पर्ट’ हा वेगळा पर्याय चालू केल्याशिवाय दिसतही नाही. तरी अनेक तयार कर्नलमध्ये ती अजून चालू ठेवलेली असते, कारण जुने प्रोग्राम बंद पडू नयेत. माझे मत याच्या उलट आहे आणि ते मी आमच्या पेटीवर अमलात आणले. नवा कर्नल बांधताना मी तो पर्याय बंद केला. जुन्या रीतीने लिहिलेला प्रोग्राम बंद पडायचाच असेल तर तो माझ्या घरातील टेबलावर, दिवसाउजेडी पडावा. पंपाच्या खोलीत पहाटे पडू नये.

याच कामात मॉड्यूलचा प्रश्नही आला. पातळीचे आठ दिवे ज्या चिपवर आहेत ती पीसीएफ ८५७४, आय-टू-सीच्या दोन तारांवर बसणारी आणि आठ पिना वाढवून देणारी. तिचा ड्रायव्हर आमच्या जुन्या कर्नलमध्ये मॉड्यूल म्हणून ठेवलेला होता. स्क्रिप्ट कधी त्याच्या आधी सुरू होई, कधी नंतर, आणि त्यामुळे काही वेळा दिवे लागत, काही वेळा लागत नसत. समितीच्या नोंदवहीत ‘दिवे अधूनमधून बंद’ अशी तक्रार सहा वेळा लिहिलेली सापडली आणि प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन वायरी घट्ट केल्या होत्या. मी आय-टू-सीचा आणि या चिपचा असे दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्येच घेतले, आणि दिवे स्क्रिप्टकडून काढून कर्नलच्या एलईडी ड्रायव्हरकडे सोपवले. या ड्रायव्हरला आपली चिप अजून तयार नाही असे दिसले तर तो थांबतो आणि कर्नल त्याला नंतर पुन्हा संधी देतो. हे शहाणपण प्रत्येक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतः निर्माण करण्याची गरज राहत नाही. शिकणाऱ्यांसाठी एक बारीकशी नोंद : एमसीपी २३०१७ ही तशीच दुसरी प्रचलित चिप जीपीआयओच्या यादीत शोधून सापडत नाही, कारण तिचा ड्रायव्हर पिन-कंट्रोलच्या विभागात आहे. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका विद्यार्थ्याची त्यापायी अख्खी संध्याकाळ गेली होती.

आता आय-ओ लिस्टकडे येते. डिव्हाइस ट्री हा एक मजकूर असतो. बोर्डावर कोणती चिप कोठे आहे आणि कोणती पिन कशाला जोडली आहे हे त्यात वाचता येईल अशा स्वरूपात लिहितात आणि सुरुवातीला कर्नलच्या हाती देतात. पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्याच सी भाषेतील मजकुरात कोंबलेली असे. २०११ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी एआरएम या मोबाइल व छोट्या संगणकांतील चिपांच्या या पसाऱ्याविषयी उघड नाराजी व्यक्त केल्यानंतर तेथेही डिव्हाइस ट्रीचा स्वीकार वेगाने झाला. या मजकुरात प्रत्येक पिनेला नाव देता येते. मी मोटारीच्या पिनेला ‘मोटर’, खालच्या टाकीच्या फ्लोटला ‘खाली-पाणी-आहे’ आणि वरच्या टाकीच्या फ्लोटला ‘वर-भरली’ अशी नावे रोमन अक्षरांत दिली. आता आमचा प्रोग्राम कोणताही आकडा उच्चारत नाही, तो ‘मोटर’ नावाची पिन मागतो. उद्या कर्नल बदलला, चिपांचा क्रम बदलला, फार तर बोर्ड बदलून मोटारीची वायर दुसऱ्या पिनेवर आली, तर बदल एका ओळीत होईल आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मोटारीचा संकेत उलटा आहे, म्हणजे शून्यावर रिले ओढतो, हेही आता पिन मागताना कर्नललाच सांगितले जाते. त्यामुळे प्रोग्राममध्ये ‘चालू’ म्हणजे चालू. जुन्या स्क्रिप्टमध्ये मोटार सुरू करण्यासाठी शून्य लिहिलेले होते आणि शेजारी एका शब्दाचाही खुलासा नव्हता. तिसऱ्या माणसाने ती वाचली असती तर त्याने ते चूक समजून सुधारले असते. एलईडी ड्रायव्हरसारखे कर्नलमधील ड्रायव्हर तर हीच उलटेपणाची खूण थेट डिव्हाइस ट्रीमधून वाचतात.

तथापि कर्नल जागा होण्याआधीच्या अर्ध्या मिनिटाचे काय, हा प्रश्न यातून सुटत नाही, आणि तो कितीही चांगल्या कर्नलने सुटणार नाही. तो दहा किलोओहमच्या एका रोधाने सुटला. मोटारीच्या पिनेवरून ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याकडे तो रोध टाकला. चिपच्या आतील पुल-डाउन सुमारे ५० किलोओहमचा आहे, त्यामुळे दोघांच्या ओढाताणीत पिनेवर सुमारे २.७५ व्होल्ट राहतात. रिलेच्या आधीचे गेट त्याला ‘एक’ मानते आणि मोटार बंद राहते. संगणक सुरू होत असो, अडकलेला असो किंवा ज्यावर कार्यप्रणाली असते ते त्याचे मेमरी कार्ड खराब झालेले असो, पेटीला वीज आहे तोवर मोटार आपण होऊन सुरू होणार नाही. अनेक प्रचलित बोर्डांवर वीज येताच काही पिना आतून वर ओढलेल्या असतात आणि काही खाली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पहिल्या चार पिढ्यांत ० ते ८ या पिना वर आणि ९ ते २७ खाली ओढलेल्या असतात. रिलेसाठी पिन निवडताना ही एक गोष्ट जरी पाहिली तरी अर्धे संकट टळते.

याच संदर्भात वायरमन मंडळींनाही माझी विनंती आहे. सर्वांत वरच्या पातळीचा एक स्वतंत्र फ्लोट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत थेट, सिरीजमध्ये असावा. संगणक त्याच्या मध्ये येता कामा नये. ओव्हरलोड रिले आणि खालची टाकी रिकामी झाल्यावर मोटार थांबवणारी व्यवस्था यांचेही तसेच. आमच्या पेटीत मोटार जळाली नाही ती केवळ ही दुसरी व्यवस्था कोणीतरी जुन्या पद्धतीने, संगणकाला न विचारता, जोडून ठेवली होती म्हणून.

प्रोग्राम मध्येच बंद पडला तर काय, याचाही विचार करावा लागतो. नव्या रीतीत प्रोग्राम संपला की पिन आपोआप मोकळी होते, परंतु मोकळी झालेली पिन त्यानंतर कोणत्या स्थितीत राहील याची हमी कर्नल देत नाही. म्हणून मोटारीची पिन धरून ठेवणारा प्रोग्राम सतत चालू असला पाहिजे, तो पडला तर कार्यप्रणालीने त्याला लगेच पुन्हा उभे केले पाहिजे, आणि सगळा संगणकच थिजला तर त्याला पुन्हा सुरू करणारा हार्डवेअर वॉचडॉग कर्नलमध्ये चालू असला पाहिजे. आमच्या कर्नलमध्ये वॉचडॉगचा ड्रायव्हर होता, पण तो कोणी सुरू केलेला नव्हता.

एका बाबतीत मला लिनक्सपेक्षा ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त कार्यप्रणालीची रीत अधिक पटते. तेथे पिना कोणत्या कामासाठी वापरायच्या हे संगणक सुरू होताना, सुरक्षेची पातळी वर नेण्यापूर्वी, ठरवावे लागते. पातळी एकदा वर गेली की ज्या पिना आधी ठरवल्या होत्या तेवढ्याच वापरता येतात. बाकीच्यांना पुढे कोणीही, अगदी सर्वाधिकार असलेला वापरकर्ताही, हात लावू शकत नाही. लिनक्समध्ये ज्याला चिपची उपकरण-फाइल उघडण्याची मुभा आहे त्याला त्या चिपवरील कोणतीही मोकळी पिन मागता येते. पिनेगणिक वेगळी परवानगी देण्याची सोय त्या फाइलीत नाही. आमची पेटी आता इंटरनेटला जोडलेली आहे, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. तूर्त मी एवढेच करू शकले की मोबाइलवर संदेश पाठवणारा प्रोग्राम वेगळ्या वापरकर्त्याच्या नावे चालवला आणि त्याला पिनांच्या फाइली उघडण्याची परवानगी दिली नाही.

दोन्ही कंत्राटदारांवर मी राग धरत नाही. त्यांना जे शिकवले गेले ते त्यांनी केले. ठाणे आणि नवी मुंबईतील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी माझ्याकडे प्रकल्पासाठी येतात, तेव्हा त्यांना दोन टोके माहीत असतात. एका टोकाला ८०५१ सारख्या मायक्रोकंट्रोलरचे पोर्ट, ज्यात रजिस्टरमध्ये बाइट लिहिला की पिन हलते आणि मध्ये कोणी नसते. दुसऱ्या टोकाला पायथनच्या चार ओळी, ज्या कोणाच्या तरी तयार लायब्ररीला हाक मारतात. त्या दोहोंमध्ये कर्नल आहे, त्याची यादी आहे, ड्रायव्हर आहे, डिव्हाइस ट्री आहे, हा सगळा प्रदेश त्यांनी पाहिलेलाच नसतो. आणि पेटी बिघडते ती बहुधा त्या प्रदेशात.

तो शिकवायला पैसे लागत नाहीत, हे मला आवर्जून सांगायचे आहे. २०२२ मधील ५.१७ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये जीपीआयओ-सिम नावाचा ड्रायव्हर आहे. तो खरी चिप नसताना खोटी चिप उभी करतो. तिला हव्या तेवढ्या पिना देता येतात, त्यांना नावे देता येतात, इनपुट वर-खाली ओढता येते आणि आपला प्रोग्राम त्यावर काय करतो ते पाहता येते. प्रयोगशाळेतील कोणत्याही जुन्या संगणकावर लिनक्स टाकून, तो पर्याय मॉड्यूल म्हणून चालू केलेला कर्नल बांधून, तीस विद्यार्थी एकही बोर्ड विकत न घेता हे शिकू शकतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या घरी पाच मुलांना हे करायला लावले. पहिला दिवस कर्नल बांधण्यातच गेला, तीन वेळा चुकला, आणि चौथ्यांदा खोट्या चिपवरील ‘मोटर’ नावाची पिन एका मुलीच्या प्रोग्रामने मागून घेतली तेव्हा तिने मला प्रश्न विचारला, ‘मावशी, मग आता ही पिन दुसरा कोणी घेऊ शकेल का?’ मी तिला दुसरी खिडकी उघडून तीच पिन मागायला सांगितले. ‘उपकरण व्यग्र आहे’ या अर्थाचे उत्तर कर्नलकडून आले, आणि त्या पाचही जणांना पिनेचा मालक कोण हे कायमचे समजले.

महोदय, आपल्या विज्ञानविषयक पुरवणीत या विषयावर सोप्या मराठीत काही लेख यावेत अशी विनंती आहे. ते लिहिण्यासाठी शक्य ती मदत मी आनंदाने करीन. महाविद्यालयांतील प्राध्यापकांनीही आपल्या प्रयोगवह्यांत याला दोन प्रयोगांची जागा द्यावी.

दुसरी विनंती सोसायट्यांच्या समित्यांना आहे. लिनक्सचा कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. ज्याने आपल्याला कर्नल असलेली पेटी विकली, त्याने त्या कर्नलचा मूळ स्रोत, आणि तो बांधण्यासाठी व बसवण्यासाठी वापरलेल्या स्क्रिप्ट, मागितल्यावर देणे ही त्या परवान्याची अट आहे. कंत्राटदाराने स्वतः लिहिलेला वरचा प्रोग्राम यात आपोआप येत नाही, त्यासाठी करारात वेगळी तरतूद करावी लागते. परंतु कर्नलचा आपला हक्क आधीपासूनच आहे आणि तो कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही. पेटी हाती असेल तर पहिली तपासणी कोणीही जाणकार करू शकतो. बऱ्याच कर्नलमध्ये त्यांची स्वतःची निवड-यादी ‘प्रॉक’ या विभागात ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये वाचता येते, आणि पिनांची आजची स्थिती ‘जीपीआयओ-इन्फो’ सांगते. तेथे नावांच्या जागी सर्वत्र ‘अनामिक’ अशा अर्थाचा शब्द दिसला, तर आय-ओ लिस्ट कोणी लिहिलेली नाही असे समजावे.

आमच्या समितीने जुलैच्या सभेत पेट्यांच्या सर्व नव्या करारांत पुढील मजकूर घालण्याचा ठराव केला आहे. अन्य सोसायट्यांना तो जसाच्या तसा वापरता येईल :

‘पुरवठादाराने पेटीसोबत पुढील गोष्टी छापील आणि संगणकीय स्वरूपात द्याव्यात : कर्नलची आवृत्ती व संपूर्ण निवड-यादी, डिव्हाइस ट्रीचा वाचता येईल असा मूळ मजकूर, ज्यात वापरलेल्या प्रत्येक पिनेला अर्थपूर्ण नाव दिलेले असेल, प्रत्येक पिनेची वीज येताक्षणीची स्थिती आणि त्या स्थितीत जोडलेले यंत्र काय करते याची नोंद. सिसएफएसमधील क्रमांकांवर आधारित प्रोग्राम स्वीकारला जाणार नाही. पेटी ताब्यात घेण्यापूर्वी वीज पाच वेळा बंद-चालू करून, तसेच संगणकाचे कार्ड काढून एकदा, मोटार आपोआप सुरू होत नाही हे समितीच्या प्रतिनिधीसमोर दाखवावे. कार्यप्रणालीत पुढे कोणताही बदल केल्यास ही चाचणी पुन्हा घ्यावी.’

आमच्या पिनांच्या यादीची एक प्रत आम्ही पेटीच्या दाराच्या आतील बाजूस, रखवालदाराला वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता,
ऐरोली, नवी मुंबई